फादरच्या अंगावरची शाल

माझं लग्न फादरच्या शालीपायी मोडायला आलं होतं, हे सांगितलं की आमच्या सुना हसतात. हसू देत. त्यांनी बघितलेले सगळे फादर मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, काहीही घालून उभे राहिले तरी कुणी वळून बघत नाही. आमच्या वेळी बघत होते. नुसते बघत नव्हते, भांडत होते.

बहात्तरचा दुष्काळ सरता सरत नव्हता, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव श्रीरामपूरहून एस.टी.नं तासाभरावर. गावाच्या पूर्वेला आमचा महारवाडा, आणि त्यातली निम्मी घरं आजोबांच्या वेळेपासून कॅथलिक झालेली. वस्तीच्या कडेला कौलारू चर्च होतं, त्याला आम्ही देऊळच म्हणायचो. वडलांना आम्ही दादा म्हणत होतो. दादा मिशनचे प्रचारक होते. फादर चार गावं फिरायचे, तेव्हा मागं वस्तीला धडे शिकवायचे, प्रार्थना चालवायच्या, देवळाची किल्ली सांभाळायची आणि फादर आले की त्यांना मिस्साची वस्त्रं चढवायची, ही दादांची कामं. गाव त्यांना मास्तर म्हणायचं.

मिस्साची वस्त्रं हा दादांचा खास विषय. पोरांना ते एकेक वस्त्र तोंडपाठ करायला लावायचे. पांढरा पायघोळ सदरा म्हणजे शुद्ध मन. कंबरेची दोरी म्हणजे मनाला लगाम. गळ्यातला पट्टा म्हणजे धर्मगुरूचा अधिकार. आणि सगळ्यांत वर जरीचा झगा, म्हणजे प्रीतीचं जू. हिरवा कधी, जांभळा कधी, तांबडा कधी, काळा कधी, सगळं विचारायचे. चुकलं की कान धरायचे. माझा कान तर कायम लालच असायचा, कारण मी उलटे प्रश्न विचारायची. "दादा, जू बैलाच्या मानेवर असतं, मग हा झगा फादरच्या मानेवर का?" त्यावर दादा म्हणायचे, "व्हय, म्हणूनच." आता ह्याचा अर्थ काय लावायचा? मला कळला नाही, पण पुन्हा विचारायची छाती नव्हती.

गावातली बाकीची पोरं आम्हाला चिडवायची, "तुमचा फादर पोळ्याच्या बैलावानी झूल घालतो!" मी एकाच्या पाठीत धपाटा घातलेला आठवतोय. पण सणाच्या दिवशी तो सोनेरी झगा बाहेर निघाला की माझाही ऊर भरून यायचा, हे खरं. आमच्या वस्तीत तेवढी एकच गोष्ट झळझळीत होती.

मग आमचे म्हातारे जर्मन फादर गेले आणि नवे आले. तरुण, सडपातळ, दक्षिणेकडचे. घराणं मूळचं ब्राह्मणाचं, चार-पाच पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं, असं सिस्टर लोकांकडून कळलं. मराठी पुस्तकातून शिकलेले. पहिल्या रविवारी वेदीपुढं सतरंजी अंथरली, एक बुटका चौरंग ठेवला, बाजूला समई लावली. चपला दाराबाहेर काढायला लावल्या. आणि पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यावरून एक पांढरी शाल घेऊन फादर मांडी घालून बसले.

"आपण सर्वांनी आसनस्थ व्हावे," म्हणाले.

आसनस्थ म्हणजे काय ते कुणाला कळेना. अर्धी माणसं गुडघे टेकून बसली, काही उभीच राहिली, पुढच्या बायका मांडी घालून बसल्या आणि लगेच बावरून उठल्या. शेवटी आरती आली. आमच्या शेजारच्या म्हातारीनं सवयीनं ज्योतीवरून हात फिरवून तोंडावर घेतले, मग काय केलं हे ध्यानात येऊन घाबरली आणि त्याच हातानं क्रूसाची खूण केली. मला हसू आवरेना. आईनं असा चिमटा काढला की हसू जागच्या जागी जिरलं.

मिस्सा झाल्यावर वडाखाली सगळे दादांभोवती.

"मास्तर, ही आरती त्या वरच्या देवळातली न्हाई का? तिथं आमाला पायरीलाबी हात लावू देत न्हाईत. ती हितं कशाला?"

"मास्तर, मग आदीचं खोटं हुतं का?"

"आन ती शाल? शाल काय पाटलाच्या सत्काराला आनली का?"

दादा "वरनं परवानगी आली हाय," एवढंच म्हणाले आणि किल्ल्या वाजवत निघून गेले. फादर तर मनापासून सांगत होते की ही आपली भारतीय रीत, आपल्या मातीतली, देवाला आपल्या पद्धतीनं आदर दाखवायचा. त्यांच्या डोळ्यांत खोट नव्हती. पण आपली म्हणजे कुणाची? मला वस्तीचंही पटायचं, फादरांचंही पटायचं आणि मग रात्रभर डोकं भणभणायचं. शिवाय ते गुडघे टेकणं मला तरी कुठं आवडत होतं? मांडी घालून बसणं सोपं होतं, खोटं कशाला बोलू.

अशात माझं लग्न ठरलं. मुलगा श्रीरामपूरला वर्कशॉपात फिटर. बघायला आला तेव्हा चहात साखर कमी म्हणाला, तेव्हाच मला आवडला, कारण बाकीचे नुसते मान डोलावून गेले होते. उपवासकाळात लग्नं होत नाहीत, म्हणून पास्काचा, म्हणजे ईस्टरचा सण झाल्यावर मे महिन्यातली तारीख धरली. साड्या झाल्या, मांडवाचं बोलणं झालं. आणि एका संध्याकाळी जेवता जेवता दादा म्हणाले,

"शाल पांघरलेल्या फादरच्या हातनं माज्या पोरीचं लगीन लागनार न्हाई."

आईची तव्यावरची भाकरी करपली. "आवं, काय बोलताय?"

"बोललो ते बोललो. जरीचा झगा घालत असतील तर लगीन. न्हाईतर थांबू."

थांबू! सासूबाईंनी निरोप धाडला की मे टळला तर आमच्याकडं दुसरी स्थळं आहेत. मुलाला पुढं कुठल्या कारखान्यावर जावं लागणार होतं, त्यांचंही चूक नव्हतं. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे मी.

मी दादांशी भांडले. भांडले म्हणजे चांगली भांडले, दुपारपासून चूल पेटेपर्यंत. तेव्हा त्यांनी मला अंगणात बसवून आजोबांचं सांगितलं. जुन्या काळी गावकीत आमच्या माणसांनी मेलेल्याची खबर द्यायची, सरण वाहायचं, आणि मढ्यावर घातलेलं कापड आपल्याला घ्यायचं. तो आमचा हक्क, असं गाव म्हणायचं. आजोबांनी जन्मभर मढ्यावरचं पांघरलं. थंडीत अंगावर घ्यायचे ते कुणाचं होतं हेही त्यांना ठाऊक असायचं.

"पांढरी शाल खांद्यावर बघितली की मला तेच दिसतं," दादा म्हणाले. "लग्नात मला ते दिसाया नगं."

 माझा राग कुठल्या कुठं गेला. मला वाटलं, कळलं सगळं. दादांना कोरं हवंय. जन्मात कुणी न वापरलेलं, देवासाठीच विणलेलं, परदेशातून आलेलं कोरं कापड. शालीत मढं आहे आणि झग्यात सन्मान आहे. एवढं साधं.

आईला घेऊन मी फादरकडं गेले. आजोबांचं काही सांगितलं नाही. ते सांगायची लाज वाटली. नुसतं म्हटलं, दादांची इच्छा आहे. फादरांनी कपाटातून झगा काढून उलगडला. मग म्हणाले, "तो झगा फाटला आहे. अस्तर लोंबते. लोकांना पुन्हा मागे नेणे मला योग्य वाटत नाही. पण तुमच्या विवाहापुरते... दुरुस्त करून आणा. मग पाहू."

पाहू तर पाहू. नाही म्हणाले नाहीत ना! मी सिस्टरांच्या शिवणवर्गात दोन वर्षं काढली होती, अस्तर लावणं माझ्या डाव्या हाताचा मळ. झगा चादरीत गुंडाळून घरी आणला. दादा शिवारात गेलेले. मी ओसरीत बसून जुनं अस्तर उसवायला घेतलं.

उसवलं, आणि माझे हात थांबले.

आत जरीच्या कापडाला जोड होते. जोड असतातच, पण हे जोड भलतीकडं होते. एका जागी मुंढ्याचा गोल दिसत होता, तो मधेच कापून दुसऱ्या तुकड्याला सांधलेला. खाली दोन टक्स होते, दाबून इस्त्री केलेले, पण टक्सच. छातीचे. टक्स काढून काढून माझी बोटं झिजली होती, मला कोण फसवणार? कडेला दोन बारके हूक राहून गेले होते, आणि मुंढ्याजवळ पिवळसर डाग, घामाचा. हे कुणा बाईचं अंगातलं होतं. तिकडच्या कुणा मडमेचं, नाचाबिचाचं नाहीतर लग्नातलं. तिनं वापरून टाकलेलं. कोण जाणे, मेल्यावर घरच्यांनी देऊन टाकलेलं.

अगं बाई गं! मी तो झगा मांडीवरून खाली ठेवला आणि तशीच बसून राहिले. म्हणजे इतकी वर्षं आमचे दादा, आमचे आजोबा, उतरलेल्या कापडालाच हात जोडत होते? आणि ज्या शालीचा त्यांना इतका तिटकारा, ती शाल तर फादरांनी खादी भांडारातून नवी कोरी आणलेली! मग आदर कशाला होता? कापडाला म्हणावं तर कापड हे असलं. देवाला म्हणावं तर देव शालीतही होताच की. दुपारभर डोक्यात नुसता गोंधळ. सांगावं तर बापाचं काळीज फाटणार. न सांगावं तर ह्या मडमेच्या झग्यापायी माझं लग्न अडवलंय, हे गिळून बसायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण माझा स्वभाव! संध्याकाळी दादा आले, झगा बघून म्हणाले, "जपून शीव. चुन्या पडू देऊ नको." त्या 'जपून'नं माझं टाळकं सरकलं.

"कुणासाठी जपू?" मी म्हटलं. "हे बाईचं झंपर आहे, दादा! हे बघा टक्स. हे बघा हूक. हा घाम बघा कुणाचा आहे तो. हेही उतरलेलंच आहे. आणि ह्याच्यासाठी तुम्ही माझं लग्न मोडताय!"

आई चुलीपुढून उठून दारात आली. मला वाटलं आता दादा मटकन खाली बसतील. दादांनी झगा उचलला, डागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले,

"मला ठाऊक हाय."

"ठाऊक आहे?"

"तीस वर्सं ह्याचं अस्तर कोन लावतंय? तुजा बा. तुज्या आज्यालाबी ठाऊक हुतं."

मग तर मी पुरतीच वेडी झाले. "मग कशासाठी हे सगळं? कशासाठी?"

दादांनी झग्याची घडी घातली. मग ओसरीच्या कडेला बसून, माझ्याकडं न बघता सांगायला लागले. पहिला साहेब फादर वस्तीत आला, तेव्हा त्याच्याबरोबरचा माणूस तापानं पडला. मिस्साची वेळ झाली. झगा डोक्यातून घालायचा, मागच्या नाड्या बांधायच्या, एकट्याला जमत नाही. साहेबानं आजोबांना खुणेनं बोलावलं. आजोबा झगा हातात घेऊन थरथरत उभे. आपला हात साहेबाच्या अंगाला लागणार, ह्या भीतीनं हात वर होईनात. त्यांचा हात आजवर मढ्याशिवाय कुणा वरच्या माणसाच्या अंगाला लागलाच नव्हता. साहेबानं मान वाकवली आणि तसाच थांबला. आजोबांचा हात वर होईपर्यंत थांबला.

"कापड कसलंबी असू दे," दादा म्हणाले. "ते घालताना मानूस आमच्यापुढं मान वाकवून उभा ऱ्हायचा. दर मिस्साला. आदी तुज्या आज्यापुढं, मग माज्यापुढं. आन ही शाल? ही फादर सोता घेत्यात खांद्यावर. झटकली की झालं. माजा हात कुटंच लागत न्हाई." मग म्हणाले, "मढ्याचं म्हनलो ते खोटं न्हाई. पन ते अर्दंच हुतं."

आई डोळ्याला पदर लावून आत गेली. माझ्या डोक्यातला गुंता मात्र सुटला नाही, वाढला. म्हणजे आमचे दादा देवापुढं वाकायला जात होते की माणूस वाकलेला बघायला? हे विचारायची गोष्ट नव्हती. आजही मला त्याचं उत्तर ठाऊक नाही, आणि कुणी पटकन उत्तर दिलं तर मला त्याचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी एकटी फादरकडं गेले. झगा शिवून दिला आणि सगळं सांगितलं. मढ्याचं कापड सांगितलं, टक्स सांगितले, आजोबांचे थरथरणारे हात सांगितले. आम्ही कोण, ते गावकीच्या शब्दांत सांगितलं. ब्राह्मणाच्या घराण्यातल्या माणसापुढं ते सांगताना माझी जीभ अडखळत होती, आणि अडखळली म्हणून मला स्वतःचाच संताप येत होता. फादर ऐकत राहिले. शेवटी फक्त म्हणाले, "मास्तरांना सांगा, विवाह ठरल्या दिवशीच आहे. त्यांनी यावे."

काय घालणार ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. दादांना निरोप दिला तर तेही हूं का चूं करेनात. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत आई मला विचारत होती, "येत्याल ना गं तुजे दादा?" मला काय ठाऊक!

आले. सकाळी सगळ्यांच्या आधी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. आमचं देऊळ लहान, नवरीला थांबायला वेगळी जागा नाही, म्हणून मला वस्त्रांच्या खोलीतच एका स्टुलावर बसवलं होतं. टेबलावर फादरांनी दोन्ही मांडलं होतं. इकडं जरीचा झगा, तिकडं शाल. पांढरा सदरा घालून ते मधे उभे.

"मास्तर," फादर म्हणाले, "मला कळत नाही काय घालावे. तुम्ही घाला."

आणि त्यांनी मान वाकवली.

दादा हलेनात. बाहेर गाणं सुरू झालं होतं, पेटीवाल्यानं दुसऱ्यांदा तेच कडवं धरलं. मी दादांचे हात बघत होते. फादर तसेच वाकून उभे, घामाचा एक थेंब त्यांच्या नाकावरून फरशीवर पडला. मला ओरडावंसं वाटत होतं, दादा, काहीतरी उचला! माझं लग्न आहे!

दादांनी शाल उचलली.

दोन्ही हातांनी उलगडली, फादरच्या खांद्यांवर ठेवली, मानेपाशी नीट केली, पुढं दोन्ही पदर सारखे केले. सत्काराला घालतात तशी नव्हे, अगदी आमच्या आईनं पोराला पांघरूण घालावं तशी. मग घसा खाकरून म्हणाले, "उकडतंय लई, फादर. झग्यात जीव गुदमरंल. हेच बरं."

मिस्सा चांगलीच गोंधळाची झाली, हेही सांगते. अर्धे लोक गुडघ्यावर, अर्धे मांडी घालून. नवऱ्याकडचे सगळे उभे, कारण त्यांना काहीच कळत नव्हतं. आणि शाल काही फादरांच्या खांद्यावर टिकेना. हात वर केला की घसरायची. घसरली की दादा पहिल्या रांगेतून उठायचे, वेदीपाशी जायचे, शाल सारखी करायचे आणि परत येऊन बसायचे. फादर प्रत्येक वेळी थांबायचे आणि मान वाकवायचे. आम्ही वचनं देत होतो तेव्हाही दादा आमच्या मधूनच गेले. माझा नवरा बिचारा 'सुखात आणि दुःखात' म्हणता म्हणता विसरला, आणि मला हसू फुटलं. सासूबाईंनी ते वर्षभर काढून दाखवलं.

निघताना एस.टी.च्या थांब्यावर मी दादांना बाजूला घेतलं. म्हटलं, "दादा, झगा तर शिवलेला होता. फादर घालायला तयार होते. मग शालच का उचललीत?"

दादांनी माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आज शालीत मढं दिसलं न्हाई. साहेबबी वाकायचा," ते म्हणाले. "पन त्याला काय ठाऊक हुतं आमी कोन ते? लांबच्या मुलकातला मानूस. ह्याला ठाऊक हाय. तू सांगितलंस. ठाऊक असून वाकला."

लग्नात मी एकदाही रडले नव्हते. तिथं मात्र भर रस्त्यात, कंडक्टर घंटी मारत असताना, मी दादांच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले.